बेचाळीस शब्दांची रेघ

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडता केरात टाकावं, असं तुझ्या मनात आलं असणार. तरी उघडलंस, म्हणजे तुझी जुनी खोड गेलेली नाही. हातात आलेला कागद पुरता वाचल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही, मग तो औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कपटा का असेना. त्या खोडीच्या भरवशावर लिहायला बसले आहे. तुझा पत्ता आपल्या टायपिस्टबाईंनी दिला. त्या ऐंशीच्या झाल्या, कानात तू बसवून दिलेलं मशीन आहे, आणि तुझ्या दुकानाचं इतकं कौतुक सांगत होत्या की मला मध्ये एक शब्द घालता येईना. तू म्हणे आधी अर्धा तास माणसाला नुसतं बोलतं करतेस आणि मग मशीनला हात लावतेस. ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटून घ्यायचा मला काय अधिकार, असंही वाटलं. समोर आले तर तू मला ओळखशील का कोण जाणे. ताडमाड म्हणायचात सगळे. आता पाठीला बाक आला आहे, गुडघे कुरकुरतात, आणि जिना चढताना मध्येच थांबून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचण्याचं सोंग करते.

संस्थेनं माझा सत्कार करायचं ठरवलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगखोलीला माझं नाव देणार, आणि दाराशी काचेमागे माझ्या सगळ्या प्रकाशित लेखांची यादी लावणार. मुलं वाचायला कशी शिकतात यावर एका बाईनं किती कागद काळे केले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवं, नाही का. ऑफिसातली एक मुलगी यादी करायला माझ्याकडे आठवडाभर येत होती. भारी चिकट मुलगी. साल, अंक, पान नंबर, सगळं मूळ छापील प्रतीवरून ताडून घेतल्याशिवाय पुढे सरकायची नाही. एकशे तीन लेख भरले. सातवा, मुलं ओळीवर बोट का ठेवतात यावरचा. तिसावा, आरशात उलटल्यासारखी अक्षरं काढणाऱ्या मुलांचा. एकोणचाळिसावा, गोष्टीतला विनोद वाचताना मूल नेमकं कुठल्या शब्दाशी हसतं त्याचा. तो माझा सगळ्यांत लाडका, आणि तो कुणीही वाचलेला नाही. आणि अकरावा. अकरावा सगळ्या जगानं वाचला. मुलीनंच मोजून सांगितलं की पुढच्या लेखांपैकी अठ्ठावन्न त्याचा आधार घेऊन उभे आहेत. आपले सर जाऊन वीस वर्षं होतील, तेव्हा त्या लेखाच्या लेखकांपैकी आता मी एकटीच उरले. मुलीनं त्याची शेवटची तळटीप वाचली. त्यात लिहिलं आहे की शाळांमधल्या कामात एका सहायिकेची मदत झाली. तिनं विचारलं, ही सहायिका कोण, नाव का नाही. मी म्हटलं, आता आठवत नाही. ती पुढच्या लेखाकडे वळली, आणि मी चहा टाकायला म्हणून आत गेले ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

तो हिवाळा तुला आठवतोच आहे. चौदा शाळा, तीनशे बारा मुलं, सगळी आठ वर्षांची. सकाळच्या बसमध्ये खिडकीची काच बंद होत नसायची आणि तू माझ्या मफलरचं एक टोक आपल्या गळ्याभोवती घ्यायचीस. शाळेत गेलं की कधी मुख्याध्यापकांची खोली मिळायची, कधी खेळाच्या सामानाची. तू पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसायचीस, तुझे पाय जमिनीला टेकायचे आणि माझे गुडघे हनुवटीला लागायचे. टेपरेकॉर्डर बॅगेएवढा जड. सरांचा दंडक होता की मुलासमोर घड्याळ धरायचं नाही, मूल बावरतं. मुलाला आरामात वाचू द्यायचं, टेप चालू ठेवायची, आणि नंतर ऑफिसात मोठ्या मशीनवर ती वाजवून, हातात घड्याळ घेऊन, एका मिनिटात किती शब्द झाले ते मोजायचं. किती प्रेमळ पद्धत, असं आपल्याला वाटायचं. मुलांना बोलतं करणं तुझ्याकडे, मोजणं माझ्याकडे. शाळांमध्ये विजेचा भरवसा नाही म्हणून रेकॉर्डर सेलवर चालायचा, आणि सेल बदलणंही माझ्याकडेच होतं.

त्यातून निघाला बेचाळीसचा आकडा. आठ वर्षांचं मूल मिनिटाला बेचाळीस शब्दांच्या खाली वाचत असेल तर ते मागे पडलेलं, त्याला वेगळं शिकवणं हिताचं. आम्ही ते हळूच, जपून, जर-तर लावून लिहिलं होतं. पण आकडा लेखातून बाहेर पडला की जर-तर मागेच राहतात. तीन वर्षांत तो शिक्षण खात्याच्या पत्रकात गेला, मग शिक्षकांच्या हातपुस्तकात, मग प्रत्येक शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात लाल रेघ होऊन बसला. रेघेखालच्या मुलांसाठी वेगळा वर्ग निघाला. मी असे कितीतरी वर्ग पाहिले. बहुतेक ठिकाणी बोळाच्या टोकाची खोली, शेजारी तुटक्या बाकांचं कोठार. मोठ्या अक्षरांचे पुठ्ठे, तेच पुठ्ठे पुन्हा पुन्हा, गोष्टीचं पुस्तक नाही, कारण आधी वेग यायला हवा. सुट्टीची घंटासुद्धा निराळी, बाकीच्या मुलांनी चिडवू नये म्हणून. माझा एकाहत्तरावा लेख या वर्गांवर आहे. दहा वर्षं मागोवा घेऊन मी दाखवून दिलं की या वर्गात गेलेली मुलं पुढेही मागेच राहतात, त्यातली फार थोडी शाळा पुरी करतात. त्याचा निष्कर्ष काय काढला सांगू? की आमची रेघ बरोबर होती. त्या लेखाला पदक मिळालं. ते कपाटात आहे, त्यावर धूळ बसते आणि मी पुसते.

आता घरची हकीकत सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे हे दोन वर्षांपूर्वी गेले. चांगले चालते-बोलते होते, नळाखाली हात धुताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मुलगा तुला चार वर्षांचा आठवत असेल, तुझ्या पर्समधली शिटी घेऊन पळायचा तो. त्याला आता टक्कल पडत चाललं आहे, आणि त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. आम्ही तिला छोटी म्हणतो. बारके, या पोरीचं वाचन तू ऐकायला हवंस. ओळीवर बोट ठेवते, एक वाक्य वाचते, थांबते, आणि त्या वाक्यातल्या माणसाची चौकशी सुरू करते. परवा गोष्टीत एक म्हातारा दार उघडतो असं होतं. हिनं पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, त्याच्या हातात तर दोन्हीकडे पिशव्या होत्या, मग दार कशानं उघडलं? मी पन्नास वर्षं गोष्टी वाचते आहे, मला दिसलं नव्हतं. अशा पोरीचा वेग काय असणार? गेल्या महिन्यात शाळेत चाचणी झाली. अडतीस आले. घरी पत्र आलं, की नव्या सत्रापासून तिला वेगळ्या वर्गात बसवायचं ठरत आहे, पालकांना काही म्हणायचं असेल तर या गुरुवारी समितीच्या बैठकीत म्हणावं. मुलगा पत्र घेऊन माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता, उलट थोडा ओशाळलेला. आईच्याच कसोटीत आपली मुलगी उतरली नाही, याची त्याला माझ्यासमोर लाज वाटत होती. तो म्हणाला, तू म्हणशील तसं करू. मी पत्राची घडी घातली. बघते, एवढंच म्हटलं.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला गीझर गळायला लागला म्हणून प्लंबर आला. पस्तिशीचा असेल, कामात वाघ. नवा भाग बसवला आणि त्याच्या खोक्यातला माहितीचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाला की आजी, जरा वाचून दाखवा, मी वेगळ्या वर्गातला आहे. चष्मा विसरला आहे म्हणावं इतक्या सहज. मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की तो माझ्या खांद्यावरून पाहत, पुटपुटत माझ्या आधी पुढच्या शब्दावर पोहोचतो आहे. त्याला वाचता येत होतं. वाचता येतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी काही न कळल्यासारखं विचारलं, की तुझे किती आले होते. एकोणचाळीस, तो लगेच म्हणाला. जन्मतारीख सांगावी तसा. भाऊ त्या आकड्यानंच हाक मारायचा म्हणे, लग्न होईपर्यंत. मी कोण आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्यानं हात पुसले, पाणी प्यायला, पुढच्या कामाला गेला. मी त्या ओल्या ओट्याशी उभी राहिले आणि मला इतकं रडू आलं की शेजारीण दार वाजवून विचारून गेली.

आता त्या दुपारकडे येते, जिच्याविषयी आपण दोघी आयुष्यात पुन्हा बोललो नाही. फेब्रुवारी होता. तुझी आई जाऊन पाच आठवडे झाले होते आणि तू कामावर परत आली होतीस. ऑफिसात मी टेपा मोजत होते, तू सहज आत आलीस आणि दारातच थांबलीस. टेपवर तू एका मुलाला सांगत होतीस की आता तू वाच, घाई नाही. तू ऐकलंस आणि म्हणालीस की हा माझा आवाज नाही. आम्ही सगळे हसलो. सर हसले, मी हसले, टायपिस्टबाईसुद्धा हसल्या. टेपवरचा आपला आवाज प्रत्येकाला परकाच वाटतो, पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, आमच्या धंद्यात तर तो नेहमीचा विनोद. तू हसली नाहीस. तू म्हणालीस की परका नाही, पातळ आहे, मी इतक्या भराभर बोलत नाही, हे मशीन मला पळवतं आहे. आणि मुलांनाही पळवत असेल. सर म्हणाले, मुलांचे आवाज पातळच असतात. तिथे विषय संपला. पण तू सोडेनास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा. लेख छापायला धाडायच्या बेतात होता, माझ्या नेमणुकीची मुलाखत महिन्यावर आली होती. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हिचं काय चाललं आहे. आणि मी म्हटलं, आई गेल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नाही, रात्र रात्र झोपत नाही, तिला काहीबाही ऐकू येतं. बारके, तुला झोप येत नाही हे तू मला माझ्या घरी, माझ्या गळ्यात पडून सांगितलं होतंस. सरांनी महिनाअखेरीस तुला रजेवर जायला सांगितलं. तू गेलीस आणि लेखावरचं तुझं नावही गेलं. मला मनापासून वाटत होतं की चूक तुझीच आहे.

वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण राहू दे, तुला दिसू दे मी किती सफाईनं खोटं लिहिते. तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मी एकटी ऑफिसात बसून टेपा लावत होते. नवव्या शाळेची टेप. त्या खोलीत भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं, आठवतं? सेकंदाला एक ठोका. मुलाच्या आवाजामागे ते टक टक ऐकू येत होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. हातातलं घड्याळ लावलं आणि ठोके मोजले. पन्नास सेकंदांत साठ ठोके झाले. पुन्हा मोजले. चार वेळा मोजले. सेल उतरलेले होते, म्हणून शाळेत टेप सावकाश फिरली होती, आणि ऑफिसातल्या मशीनवर ती पुऱ्या वेगानं वाजत होती. मिनिटाला पस्तीस शब्द वाचणारं मूल आमच्या वहीत बेचाळिसाचं झालं होतं, म्हणजे रेघ खरी पस्तिसावर हवी होती. सेल दर दोन दिवसांनी बदलायचे होते. खोक्याच्या झाकणाला तू तक्ता चिकटवला होतास आणि मी त्यावर न चुकता खूण करत होते. सेल मात्र आठवड्यातून एकदा बदलत होते, कारण ते आणायला बसस्टॉपच्या पलीकडे चालत जावं लागायचं आणि मुलगा घरी तापानं फणफणलेला असायचा. कारण खरं आहे, खूण खोटी होती. मी खुर्चीत बसले होते, आणि माझ्या डोक्यात मुलं नव्हती, तू नव्हतीस. मुलाखत होती. मी ती टेप रेडिओजवळ नेली आणि तीवर तासभर हवामान आणि बाजारभाव भरले.

अजून संपलं नाही. मार्चमध्ये तुझं पत्र आलं, सरांच्या नावे. तू आपली आपण नवव्या शाळेत परत गेली होतीस, त्याच मुलांपैकी अकरा जणांना बसवून, हातातल्या घड्याळानं मोजून, नावानिशी आकडे लिहून पाठवले होते. प्रत्येकाचा आकडा आमच्यापेक्षा कमी, आणि कमी तो सहाव्या हिश्शानं. सरांनी ते पत्र न वाचताच माझ्याकडे टाकलं, उत्तर दे म्हणाले. तुला जे उत्तर मिळालं ते सरांच्या सहीचं होतं, पण भाषा माझी होती. मुलासमोर घड्याळ धरल्यास ते अडखळते, हे आपण जाणताच, असं त्यात होतं. शेवटी प्रकृतीची काळजी घ्यावी असंही होतं. तुझं पत्र मी फाडलं. नंतर तू तीन ठिकाणी अर्ज केलेस आणि तिन्हीकडून माझ्याकडे चौकशी आली, तेव्हा मी काय कळवलं ते आता लिहीत नाही, तुला नोकऱ्या मिळाल्या नाहीत यावरून तुला कळलंच असेल. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पुढे बत्तीस वर्षं मी आणखी ब्याण्णव लेख लिहिले, परदेशात भाषणं दिली, आणि दर वर्षी शाळा सुरू होताना त्या रेघेखाली किती मुलं गेली त्याचा आकडा खात्याकडून मला माहितीसाठी येत राहिला. मी तो फाइलला लावत राहिले.

छोटीचं पत्र आल्यावर मात्र मी सांगायला निघाले. ते काय सोपं असतं असं मला वाटलं होतं? आयुष्यभर मी जे म्हटलं ते लोकांनी लिहून घेतलं, तेव्हा हेही घेतील, असं वाटलं होतं खरं. नियतकालिकाला लिहिलं की लेख मागे घ्या. उत्तर आलं की मूळ टेपा पाठवा. टेपा कुठल्या? एक मी पुसली, बाकीच्या इमारत बदलली तेव्हा पोत्यात भरून गेल्या. संस्थेच्या संचालकांकडे गेले. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि सत्कार होऊन जाऊ द्या मग बघू म्हणाले. शाळेची मुख्याध्यापिका माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं माझा हात हातात घेतला. हळूच म्हणाली की मॅडम, सर गेल्यापासून तुम्ही फार थकला आहात, तुम्हाला झोप लागते ना. ती माझ्या नवऱ्याला सर म्हणायची. मला कुठे पाहावं कळेना. आणि मुलगा, माझा स्वतःचा मुलगा, मी सगळं सांगितल्यावर डोळे पुसून म्हणाला, की आई, माझ्या पोरीसाठी तू स्वतःचं नाव खराब करू नकोस, असलं काही तू केलं नसशील, मला माहीत आहे. मी शपथा घेतल्या. तो मला पांघरूण घालून, दिवा मालवून गेला. सगळ्यांना वाटतं की म्हातारी नातीसाठी स्वतःवर खोटा आळ घेते आहे. माझ्याइतकी खोटी बाई साऱ्या संस्थेत नाही, आणि नेमकं खरं बोलते तेव्हा लोक माझी समजूत घालतात.

म्हणून तुला लिहिते आहे. तुझ्या त्या पत्राची प्रत तुझ्याजवळ असेल, अशी मला आशा आहे. तुझ्या हातून कागद टाकवत नाही. त्या अकरा मुलांचे आमचे आकडे लेखाच्या शेवटच्या तक्त्यात शाळेनिशी, नावाच्या आद्याक्षरांनिशी छापलेले आहेत, तुझा कागद शेजारी ठेवला की शेंबड्या पोरालाही दिसेल. बैठक गुरुवारी सकाळी दहाला आहे, शाळेचा पत्ता मागे लिहिला आहे. तू आलीस तर तुला काही सिद्ध करावं लागणार नाही, कागद टेबलावर ठेव, पुढचं मी बोलेन, सेलचं, टेपचं, तुझ्या आईचं, सगळं, मुलासमोर आणि सुनेसमोर. नाही आलीस तर छोटी सोमवारपासून बोळाच्या टोकाच्या खोलीत बसेल आणि त्यात तुझा काडीचा दोष नसेल. माफी मागायला म्हणून हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं, कारण ती माफी खरी वाटत नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं त्या खोलीत जात होती, तू तुझं सगळं गमावून बसली होतीस, तेव्हा मला तुझा पत्ता शोधावासा वाटला नाही. माझी नात जायची वेळ आली तेव्हा वाटला.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
ताडमाड